टोपीतलं विरजण

बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या कुठल्याही दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या उपाहारगृहात, सकाळी आठाच्या सुमाराला उभं राहून पाहा. इडली-वड्याच्या गर्दीत एखादे आजोबा स्टीलच्या पेल्यातून काहीतरी तपकिरी, वाफाळतं पीत असतात. फळ्यावर त्याचं नाव लिहिलेलं असतं: रागी माल्ट. रागी म्हणजे आपली नाचणी. आणि माल्ट? तो शब्द संध्याकाळी याच भागात पुन्हा भेटतो, जागीच बिअर बनवणाऱ्या एखाद्या ब्रूपबच्या गच्चीवर, काचेआड चकाकणाऱ्या उंच टाक्यांपाशी. सकाळी आजोबांच्या पेल्यात आणि रात्री त्यांच्या नोकरदार नातवाच्या ग्लासात एकच शब्द कसा आला?

उत्तर आपल्या आजीला विचारा. घरात तान्हं मूल असलं की ती नाचणीचं सत्त्व करायला बसते. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, हलकी भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. मोड कशाला, नुसतं पीठ का नको, असं विचारलं तर ती म्हणेल, बाळाला पचायला हलकं. अगदी खरं. पण हलकं होतं म्हणजे नेमकं काय होतं?

दाण्याच्या पोटात स्टार्च ठासून भरलेला असतो. साखरेचे असंख्य रेणू एकमेकांत ओवून केलेली लांबच लांब माळ म्हणजे स्टार्च. ही उद्याच्या कोंबाची शिदोरी, पण ती कुलपात ठेवलेली. ओल लागली की दाणा जागा होतो आणि कुलपाच्या किल्ल्या स्वतःच घडवू लागतो. या किल्ल्या म्हणजे एन्झाइम. माळ तोडायची, साखर मोकळी करायची, कोंबाला भरवायची, हे त्यांचं काम. आजी मोड आल्यावर दाणे वाळवते, म्हणजे किल्ल्या तयार झाल्यात पण शिदोरी अजून शिल्लक आहे, अशा नेमक्या क्षणी ती दाण्याला थांबवते. पुढे तेच पीठ पाण्यात शिजायला लागलं की किल्ल्या पुन्हा कामाला लागतात आणि पेज पातळ, गोडसर होते. जगातली प्रत्येक ब्रुअरी इथूनच सुरुवात करते. नाचणीच्या जागी बार्ली घ्या, म्हणजे आपले सातू. बाकी कृती आजीचीच. असा मोड आणून वाळवलेला दाणा म्हणजेच माल्ट.

जे. पी. नगरच्या शेजारी, जयनगरच्या नवव्या ब्लॉकमध्ये रागीगुड्डा नावाची टेकडी आहे. वर मारुतीचं देऊळ. रागीगुड्डा म्हणजे नाचणीची टेकडी. दानासाठी काढलेली नाचणीची रास दगड होऊन बसली, अशी तिची आख्यायिका. बिअर समजून घेण्याची सहल आखायची झाली, तर तिचा पहिला मुक्काम मला ही टेकडीच वाटते.

आता मोड आलेले, वाळवलेले सातू भरडायचे आणि साधारण पासष्ट अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचे. हे मिश्रण म्हणजे मॅश. सुरुवातीला चाखलं तर पिठाळ पाणी, तासाभरानं चाखलं तर उसाच्या रसासारखं गोड! बाहेरून साखरेचा कणही घातलेला नाही. विश्वास बसत नसेल तर पोळीचा कोरडा तुकडा तोंडात ठेवून दोन मिनिटं चावत राहा. तो गोड लागायला लागेल, कारण आपल्या लाळेतही तसलीच किल्ली आहे. ब्रुअरीत मात्र या किल्ल्या दोन जातींच्या असतात. एकीला साठ-पासष्ट अंश मानवतात, दुसरीला सत्तरच्या आसपास. त्यामुळे मॅश बासष्टला ठेवली तर बिअर सडसडीत, कोरडी होते आणि सत्तरकडे नेली तर भरदार. आठ अंशांचा खेळ, आणि ग्लासातला स्वभावच वेगळा.

इतकं सगळं घराजवळ दिसत असताना लोक गट करून सात हजार किलोमीटर दूर ब्रुअरी पाहायला का जातात? बाटली तर जगभर फिरते. पण ज्या पाण्यातून ती बिअर आली ते झरे, ज्या गारव्यात ती मुरली ते तळघर, ज्या छपराखाली ती आंबली ते छप्पर, हे काही बाटलीतून येत नाही. आणि दुसरं कारण त्याहून मोठं आहे. आज आपण जिला बिअर म्हणतो, ती सोनेरी, गार, स्वच्छ बिअर अशाच अभ्यास-सहलींमधून जन्माला आली.

१८३३ सालची गोष्ट. म्युनिचच्या श्पाटन ब्रुअरीच्या घरचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळचा अँटन ड्रेहर हे दोन तरुण इंग्लंड-स्कॉटलंडच्या ब्रुअरी पाहायला निघाले. दोघांची वयं विशी-बाविशीतली. इंग्रज तेव्हा या धंद्यात पार पुढे होते. तापमापी वापरत होते, रसातली साखर मोजायला सॅकरोमीटर वापरत होते. युरोपातले बाकीचे अजून कोपर बुडवून आणि जिभेवर ठेवून अंदाज बांधत होते. यजमान आदरानं कारखाना दाखवत, पण आकडे सांगत नसत. मग या दोघांनी काय करावं? त्यांनी आतून पोकळ अशा हातकाठ्या करवून घेतल्या, टोकाला झडप बसवलेल्या. आंबणाऱ्या पिंपाशी उभं राहून गप्पा मारायच्या, काठी हळूच आत बुडवायची, आणि मुक्कामावर परतल्यावर काठीतला रस काढून त्याची मोजमापं घ्यायची!

ती चोरीच होती, आणि तिची भलामण मी करणार नाही. पण तिचं फळ पाहा. दोघं घरी परतले, इंग्रजांची मोजण्याची शिस्त आणि आपल्याकडची थंड तळघरांत बिअर मुरवण्याची रीत यांची त्यांनी सांगड घातली. १८४१ साली ड्रेहरनं व्हिएन्ना लागर बाजारात आणली. लागर हा शब्दच ‘साठवणे’ यावरून आलाय.

पुढच्याच वर्षी बोहेमियातल्या पिल्झनमध्ये चमत्कार झाला. तिथली बिअर इतकी बिघडली होती की १८३८ साली लोकांनी छत्तीस पिंपं गटारात ओतली. मग गावानं वर्गणी करून स्वतःची ब्रुअरी बांधायला काढली आणि बाव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा एकोणतीस वर्षांचा ब्रूमास्टर आणला. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्यानं पहिला घाणा घातला. तोवर त्या भागातली बहुतेक बिअर गडद, गढूळ असायची. ग्रोलनं धूर न लागता हलके वाळवलेले फिकट सातू घेतले, जवळच्याच साझ भागातले हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारा वेलीचा फुलोरा, घेतले आणि पिल्झनचं पाणी घेतलं. पिंपातून जे निघालं ते पिवळंधमक, आरपार दिसणारं होतं. आज जगात विकली जाणारी बहुतेक बिअर या एका घाण्याची वारसदार आहे.

यात पाण्यावर थांबायला हवं, कारण अख्ख्या सहलीची गुरुकिल्ली तिथे आहे. पिल्झनचं पाणी जवळजवळ पावसाच्या पाण्याइतकं मृदू. क्षार नाहीतच म्हणा ना. म्हणून हॉप्सचा कडूपणा तिथे जिभेला ओरबाडत नाही, अलगद उतरतो. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरी याच्या उलट. जमिनीखाली जिप्सम, म्हणजे ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात तेच खनिज. त्या पाण्यात हॉप्सचा कडूपणा धारदार, लख्ख होतो. म्युनिच आणि डब्लिनचं पाणी चुनखडीचं. त्यात फिकट माल्टची मॅश नीट बसत नाही. भाजलेल्या माल्टचा आंबटपणा मात्र त्या चुन्याला बरोबर तोडीस तोड ठरतो. म्हणून म्युनिचची जुनी बिअर काळसर आणि डब्लिनची काळीकुट्ट! कुणी ठरवून हे केलं नव्हतं. शतकानुशतकं जे जमलं ते टिकलं, आणि पायाखालच्या दगडानं गावाची बिअर ठरवून टाकली.

याच बर्टनची बिअर आपल्या किनाऱ्यावर येत असे. लंडनच्या हॉजसननं आणि मग १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑल्सपनं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जहाजांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पिंपं धाडली. त्या फिकट, कडू बिअरला पुढे इंडिया पेल एल हे नाव पडलं. आज बेंगळुरूच्या अनेक ब्रूपबच्या पाट्यांवर आयपीए असते. त्यातला ‘आय’ आपला आहे, हे पिणाऱ्यांतल्या किती जणांच्या लक्षात येतं?

आणखी एक मराठी धागा. नाशिकजवळच्या देवळालीत १८६१ पासून इंग्रजांची लष्करी छावणी होती. मायदेशी निघालेले गोरे शिपाई तिथे जहाजाची वाट बघत महिनोन् महिने बसत. उन्हानं, तापानं, रिकामपणानं काहींचं डोकं फिरे. त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! इंग्रजीत डूलाली हा ‘वेडा’ या अर्थाचा शब्द आजही चालतो. २००९ साली पुण्यात सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक उघडली, आणि तिचं नाव ठेवलं डूलाली. बिअरच्या नळालाही टॅपच म्हणतात. शब्द किती लांबची वारी करून घरी परतला पाहा.

आता गोष्ट विरजणाची. गोड रस तयार झाला, हॉप्स घालून उकळला, निववला, तरी अजून ती बिअर नव्हे. दुधात विरजण पडल्याशिवाय दही लागत नाही, तसं यात यीस्ट पडावं लागतं. यीस्ट ही एका पेशीची बुरशी. साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. १५१६ च्या बाव्हेरियातल्या प्रसिद्ध कायद्यानं बिअरमध्ये फक्त पाणी, सातू आणि हॉप्स यांनाच परवानगी दिली. त्या यादीत यीस्ट नाही. जिच्यावाचून बिअर होतच नाही, तीच यादीबाहेर! पिंपातला फेस ब्रूमास्टरना ठाऊक होता, पण तो जिवंत आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

१८४५ साली कोपनहेगनचा जे. सी. याकोबसेन हे विरजण मागायला म्युनिचला गेला. कुणाकडे? त्याच झेडलमायरकडे, ज्यानं बारा वर्षांपूर्वी काठी बुडवली होती. या वेळी मात्र चोरी नव्हती, झेडलमायरनं आनंदानं दिलं. पण न्यायचं कसं? घोड्यांच्या टपालगाडीचा कित्येक दिवसांचा प्रवास, आणि हे यीस्ट उष्णतेनं मरणारं. याकोबसेननं ते पत्र्याच्या डब्यात घातलं आणि टोपीत जपलं. कुणी सांगतं डोक्यावरच्या उंच टोपीखाली, कुणी सांगतं टोपी ठेवायच्या पेटीत. गाडी जिथे थांबेल तिथे उतरायचं, डब्यावर गार पाणी ओतायचं, पुन्हा चढायचं. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणताना पदराआड झाकून आणतात ना, तसं त्यानं ते आल्प्सच्या पायथ्यापासून बाल्टिकच्या काठापर्यंत आणलं. त्यावर कार्ल्सबर्ग उभी राहिली.

१८७५ साली याकोबसेननं ब्रुअरीतच प्रयोगशाळा काढली. तिथे १८८३ मध्ये एमिल ख्रिश्चन हान्सेननं यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवला. त्याआधी एखादा घाणा का बिघडतो हे गूढ होतं. हान्सेननं दाखवलं की रानटी यीस्ट घुसतं म्हणून. आता विचार करा, असा शोध हाती लागल्यावर मालक काय करेल? तिजोरीत ठेवेल. याकोबसेननं तो इतर ब्रुअरींना खुला केला. ज्याला वाटीभर विरजण मिळालं, त्यानं जगाला वाटीभर दिलं. माझ्या मते ब्रुअरींच्या इतिहासातलं हे सर्वांत देखणं पान आहे.

आणि त्या यीस्टचे आईबाप कोण? लागरचं यीस्ट संकरित आहे. एक पालक आपलं नेहमीचं पावाचं यीस्ट. दुसरा कोण, हे कुणाला सापडत नव्हतं. २०११ साली तो सापडला, कुठे? दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पॅटागोनियाच्या जंगलात, बीचच्या झाडांवरच्या गाठींमध्ये! पुढे तिबेटमध्येही त्याचे भाऊबंद मिळाले. गारठ्यात काम करायची ताकद लागरच्या यीस्टला या पालकाकडून आली.

हा गारवा टिकवायचा तर तळघरं हवीत. बाव्हेरियात १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर करायलाच बंदी होती, कारण ती नासायची. वसंतात केलेली बिअर जमिनीखाली साठवायची, वर खडी पसरायची आणि सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावायची. लोक त्या सावलीत बसून खालचीच बिअर पिऊ लागले. बिअर गार्डन तिथून आलं! आपल्याकडेही इंग्रजांनी कसौली, सोलन, मरी असे डोंगर ब्रुअरींसाठी निवडले ते गारव्यासाठी आणि झऱ्यांसाठी. मग कार्ल फॉन लिंडे या प्राध्यापकानं गारवा करणारं यंत्र कल्पिलं, आणि १८७० च्या दशकात त्याच्या चाचणीसाठी म्युनिचमध्ये जागा कुणी दिली? पुन्हा झेडलमायरच. तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज बिअरच्या तळघराचा वंशज आहे.

एवढंच नाही. आम्ल-अल्कली मोजायचा पीएच कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत १९०९ साली सोरेनसेननं मांडला. संख्याशास्त्रातली टी-चाचणी १९०८ साली डब्लिनच्या गिनेसमध्ये नोकरीला असलेल्या गॉसेटनं शोधली आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापली. ऊर्जेचं एकक ज्याच्या नावानं ओळखतात तो ज्यूल ब्रुअरीवाल्याचा मुलगा. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाला बिअरच्या पिंपांचा केवढा मोठा आधार आहे!

तेव्हा दहा-बारा जणांचा गट करून निघायचं असेल तर माझं सांगणं असं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला निघा. तेव्हा बाव्हेरियातल्या हालरटाऊत आणि चेकियातल्या झातेत्समध्ये, म्हणजे त्याच साझमध्ये, हॉप्सची तोडणी चालू असते. हॉप्सच्या वेलींचे मांडव पाहिले की आपल्या द्राक्षबागा आठवतील, फक्त हे तिप्पट उंच. वेलीवरचा मादी फुलोरा चुरगळून हुंगा. पिवळी, चिकट भुकटी बोटांना लागेल, कडूपणा आणि सुगंध दोन्ही तिच्यात. हॉप्स आणि गांजा एकाच कुळातले, हे तो वास घेताच पटतं.

पिल्झनला किलोमीटर-किलोमीटर पसरलेल्या तळघरात उतरा आणि लाकडी पिंपातली, न गाळलेली बिअर चाखा. तिथे मॅश तापवायची जुनी रीत पाहायला मिळते: थोडा भाग काढून तांब्याच्या भांड्यात उकळायचा आणि परत ओतायचा. कोमट बादलीत कढत तांब्या ओतून आंघोळीचं पाणी बेतात आणावं, तसं. तापमापी नसतानाही यानं दरवेळी तेच तापमान साधायचं. ऑक्टोबरफेस्टचे तंबू चुकले तर चुकू द्या, तिथे शिकण्यासारखं थोडं आहे. त्याऐवजी फ्रायझिंगच्या वाइनश्टेफान टेकडीवर जा. १०४० पासूनचा वारसा सांगणारी ब्रुअरी, आणि शेजारी ब्रूइंग शिकवणारं विद्यापीठ. तिथल्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा वास येतो. केळं कुठेही नाही. तो वास यीस्टनं केलेला, पण रेणू तंतोतंत तोच जो आपल्या येलक्की केळ्यात असतो.

ब्रसेल्सला मात्र वेगळी वारी करा, थंडीत. १९०० साली सुरू झालेल्या कांतियाँ ब्रुअरीत विरजण घालतच नाहीत. उकळता रस छपराखालच्या उथळ तांब्याच्या परातीत रात्रभर उघडा ठेवतात आणि झरोक्यांतून येणारी हवा त्याला आंबवते. उन्हाळ्यात नको ते जंतू येतील म्हणून हे फक्त गार महिन्यांत चालतं. पिंपांवरची कोळिष्टकंही झाडत नाहीत, कारण कोळी माश्या खातात. अशी बिअर मुरायला तीन-तीन वर्षं लागतात.

दिवसाला दोनच ब्रुअरी घ्या, त्याही सकाळी, कारण घाणा पहाटेपासून चालू असतो. चाखायला अर्धपाव ग्लास पुरे. नाक दमलं की शिकणं संपतं. आणि प्रत्येक ठिकाणी आधी कच्चा माल्ट दाताखाली चावा, मगच ग्लास उचला.

तिकिटं काढण्याआधी एक करा. जे. पी. नगरमधल्या एखाद्या ब्रूपबमध्ये दुपारी, गर्दी नसताना जा. कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून, अर्धा किलोमीटर उंच चढवून या शहरात आणलेलं आहे, आणि नऊशे मीटर उंचीमुळे ते इथे सत्त्याण्णव अंशांनाच उकळतं. काचेआडच्या टाक्यांपाशी जो माणूस असेल त्याला विचारा: पाणी कुठलं घेता, आणि त्यात काय मिसळता?